देवघरातला गडू

मित्रांनो, आज दुपारी नाशकात हिमनद्यांच्या फोटोंचं प्रदर्शन बघून आलो. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

एका फोटोत गंगेचा उगम होता. तिथल्या बर्फाच्या भिंतीला तरुणपणी मी आणि सौ. हात लावून आलो होतो. शाळेतल्या कवितांमधला तो अचल हिमालय प्रत्यक्ष भेटला, म्हणून मी चक्क रडलो होतो. फोटोत मात्र नुसते दगड.

"ती भिंत कुठंय गं?" फोटो काढणाऱ्या मुलीला विचारलं.

"आजोबा, वितळत वितळत पार मागे गेली ती."

घरी येऊन देवघरातला तांब्याचा गडू काढला. तोंड पक्कं बंद केलेला. त्यात तेव्हाचं गंगाजल; आमच्यापैकी जो आधी जाईल, त्याच्या तोंडात घालायला जपलेलं.

"एवढी कसली घाई? अजून दोघंही ठणठणीत आहोत की!" सौ. हसली.

मी गडू कानाशी धरून हलवला. आवाजच नाही. मग तिनं हलवला, आणि तिचंही हसू थांबलं.

गडू आम्ही उघडला नाही. तसाच परत ठेवला.

तुमच्याही देवघरात असा गडू असेल. जरा हलवून बघाल? पाणी वाजलं, तर तेवढं मला कळवा.