दाजींचा पाचवा ‘का’

चुकांना माझ्या दाजींइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ढोकीच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांचा खवा-पेढ्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, चार कढया, एक थंड खोली आणि पंधरा-सोळा माणसं. पुण्यात दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून ते जपानी कारखान्यांची पद्धत शिकून आले, आणि तेव्हापासून त्यांच्या गळ्यात पीटीच्या मास्तरांसारखं स्टॉपवॉच लोंबतं. पद्धतीची सुरुवात त्यांनी घरापासून केली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक वस्तूच्या आकाराची पिवळी रेघ मारली, म्हणजे वस्तू जागेवर नसली की लगेच कळावं. लाटण्याची जागा रिकामी दिसली की दाजी शोधाला निघत, आणि बहुतेक वेळा आक्का पोळ्या लाटत असे. मग त्यांनी आक्काची पावलं मोजली. ओटा ते माठ, माठ ते मोरी असा सगळा हिशेब मांडून म्हणाले, “महिन्याला तू लोहाऱ्यापर्यंत चालत जातीस, ठावं हाय का?” आक्का म्हणाली, “मग एकदा तरी जीपनं न्या की.”

कारखान्यात त्यांनी दाराशी एक पितळी घंटा टांगली. चूक दिसली की कुणीही घंटा वाजवायची, सगळं काम थांबायचं आणि दाजी पाच वेळा ‘का’ विचारायचे. पाचव्या ‘का’ला खरं कारण हाती लागतं, असं शिबिरात सांगितलं होतं. “चूक माणसाची नसती, पद्धतीची असती,” हे ते दिवसातून दहादा ऐकवत. आपली चूक आपणच सांगणाऱ्याला त्या दिवसाचा पहिला पेढा मिळे. शेजारच्या फळ्यावर नाव न लिहिता फक्त चूक लिहायची आणि चूक झाल्यापासून घंटा वाजेपर्यंत किती वेळ गेला तो आकडा. ‘दोन मिनिटं’, ‘पाव तास’ असे आकडे बघून दाजी खूश व्हायचे. पुतणीच्या लग्नात अक्षतांना उशीर झाला तेव्हाही ते मांडवात ‘का’ विचारत सुटले. नवरीचे मामा आले नाहीत, कारण जीप गेली नाही, कारण ड्रायव्हरला निरोप मिळाला नाही, कारण तो निरोप दाजींनीच द्यायचा होता. दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. दाजींनी माईक घेतला, स्वतःलाच पाचवा ‘का’ विचारला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “मी पंगतीचा वेळ मोजत बसलो व्हतो. चूक माझी.” मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता ते हसू आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

माझ्याकडं माल पोचवायचं काम होतं. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी खव्याचे क्रेट जीपमध्ये भरून धाराशिवला निघालो आणि वाट वाकडी करून तेरच्या स्टँडवर चहाला थांबलो. निवडणुकीच्या गप्पांत दोन तास गेले. जीप उन्हात होती. दुसऱ्या दिवशी सगळा खवा आंबूस वास येतोय म्हणून परत आला. घंटा वाजली. माल परत का आला? खराब झाला म्हणून. का खराब झाला? मी तोंड उघडायच्या आत कढईवरच्या कौसाबाई पुढं आल्या. खवा उतरवायचं काम त्यांचं. “ओल राहिली असंल, मालक. माझ्याच हातून.” का राहिली? “घाई झाली असंल.” घाई का झाली? कौसाबाई नुसत्या आपल्या हातांकडं बघत राहिल्या. मी फळ्याकडं बघत होतो. दाजींनी पाचवा ‘का’ विचारलाच नाही. “चूक पद्धतीची हाय, लागा कामाला,” एवढंच म्हणाले. चार दिवसांनी त्यांनी पद्धत सुधारली. कढईला हात लावला नाही. माझ्या जीपमध्ये मात्र झाकणाची जाड थंड पेटी बसवली.

मला जे कळायचं ते कळलं, आणि तरीही मी गप्प बसलो. कौसाबाई त्या दिवसापासून प्रत्येक घाणा दोन-दोनदा चिमटीत धरून बघायच्या, बोटं पोळून घ्यायच्या आणि “माझ्या हाताचं काय खरं न्हाय,” म्हणायच्या. त्यांच्यासारखा हात जिल्ह्यात कुणाचा नव्हता, आणि तो मी बिघडवला. गेल्या महिन्यात गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या वेळी नारळ सांभाळत म्हणाल्या, “एक डाव माझ्यामुळं माल परत आला, मालक. तेवढं पोटात घाला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटा वाजवली. दाजींनी सवयीनं स्टॉपवॉच दाबलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, चहासकट. दाजींनी हळूच विचारलं, “का बोलला न्हाईस?” पाचवा ‘का’ होता तो. मी म्हणालो, “लाज वाटली.” त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर वेळ लिहिला, ‘सहा वर्षं’. नियमाप्रमाणं पेढा उचलला. मी हात पुढं केला, तर त्यांनी तो कागदात बांधला आणि जीपच्या थंड पेटीत ठेवला.

“ह्यो तुझा न्हाय. कौसाबाईला दे, आन् आत्ता बोललास त्ये समदं तिच्या म्होरं बोल.” मी जीप सुरू केली तेव्हा काचेवर टकटक करून म्हणाले, “वाटंत च्याला थांबू नको.”

कौसाबाई तेरला राहतात. स्टँडवरून जाताना मी मान वळवली नाही. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. जीप बघून गडबडीनं उठायला गेल्या, गुडघ्यावर हात दाबत म्हणाल्या, “काय ओ भाऊ, माल परत आला का काय?”

चपला न काढताच मी बोलायला सुरुवात केली.