पाचव्या क्रमांकाचा सामना

निर्मळ गावच्या जगन्नाथ राऊतांची केळी-चाफ्याची वाडी. त्यांची धाकटी मेघना अंगानं दणकट आणि बोलायला त्याहून. सातवीत असताना शाळेत हँडबॉल शिकवणाऱ्या जीना मॅडमनी विचारलं, "गोलमध्ये कोण उभं राहणार?" सगळ्यांना गोल मारायचे होते, सुसाट येणारा बॉल अंगावर कोण घेणार? मेघनानं हात वर केला. पहिल्याच आठवड्यात नाक फुटलं. आई, सरला, रडकुंडीला आली. "पुरे झाला तो खेळ!"

"अगं, नाकावर बसला म्हणजे गोल नाही ना झाला," मेघना म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नाकात कापूस घालून पुन्हा मैदानावर.

पुढे जिल्हा झाला, राज्य झालं, आणि भारताच्या ज्युनियर संघात दुसरी गोलकीपर म्हणून तिची निवड झाली. स्पर्धा होती परदेशात, अल्माटीला. दुसरी गोलकीपर म्हणजे बाकावर बसायचं. मेघना बसली, पण नुसती नाही. समोरच्या संघातली कोण कुठून मारते ते बघायची आणि जेवताना पहिल्या गोलकीपरला, संपदाला, ऐकवायची. "खेळतेय कोण, तू की मी?" संपदा हसायची.

शेवटचा सामना पाचव्या क्रमांकासाठी, उझबेकिस्तानशी. मध्यंतरानंतर लगेच संपदाचा पाय मुरगळला. मेघना आत गेली आणि लागोपाठ तीन गोल झाले. संघाच्या प्रशिक्षक सरांनी टाइमआउट घेतला. तिसरी गोलकीपर तयारच उभी होती.

"जमत नसेल तर बदलतो," सर म्हणाले.

"नका बदलू, सर. त्यांच्या अकरा नंबरवालीला आत्तापर्यंत बाकावरून बघितलं होतं. समोरून आत्ता बघतेय. कळली मला ती."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर विनवणीचा मागमूस नव्हता. "जा, खेळ."

त्यानंतर गोल झाले नाहीत असं नाही. पण अडवलेले जास्त. एक खांद्यानं, एक तर चक्क टाचेनं. भारत एका गोलनं पुढे गेला, आणि अगदी शेवटी उझबेकिस्तानला पेनल्टी मिळाली. मारायला आली ती अकरा नंबरवालीच. तिनं हात उगारून हुलकावणी दिली. मेघना हलली नाही. पुन्हा हुलकावणी. मेघना तशीच. मग बॉल खालून सणसणत आला, आणि तिचा डावा गुडघा त्याच्या वाटेत होता. बॉल उडून बाहेर गेला, शिट्टी वाजली, आणि सगळा संघ तिच्या अंगावर येऊन पडला.

घरी फोन लावला तेव्हा जगन्नाथांनी आधी विचारलं, "लागलं कुठे?"

"गुडघा सुजलाय, बाबा. बाकी झकास."

"पाचव्या नंबरला मेडल नसतं ना गं?"

"नसतं. पुढच्या वेळी आणते."

गुडघ्याची सूज उतरेपर्यंत सीनियर संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. जीना मॅडम मुद्दाम घरी आल्या. "तिथे दोन नावाजलेल्या गोलकीपर आहेत हं," त्या म्हणाल्या.

"बरंच झालं की," बॅग भरता भरता मेघना म्हणाली. "उंच बॉल त्यांच्याकडून शिकते. खालचा मला येतो."