तेलताईची दुसरी बाटली

स्वतःच्या यशावर इतका संशय घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. जर्मनीत, बॉनच्या प्रयोगशाळेत ती मला दोन वर्षांनी सीनियर, मूळची सांगलीकडची. तिच्या टेबलावर इमूच्या तेलाची बाटली असायची, म्हणून मी तिला तेलताई म्हणायचो. प्रयोग फसला की ती शांतपणे चहा करायची. जमला की जर्मन थाटात म्हणायची, “आल्झो, म्हणजे तर मग, पुन्हा करूया.” माझ्यासारख्या आळशाला ती शिक्षाच वाटे.

तेल तिच्या बाबांचं. त्यांनी गावी इमू पक्षी पाळले होते, आणि नायटा असो की गळू, या तेलानं बरं होतंच अशी त्यांची श्रद्धा. त्यात त्यांना मधुमेह. पायाच्या बोटाची जखम चिघळली तरी तेलच लावत बसले. ताई फोनवर हातापाया पडली, पण डॉक्टरकडे जाईनात. “जर्मनीत निकाल लागू दे, मग बघू,” म्हणायचे. शेवटी प्रयोगशाळेच्या सरांची परवानगी काढून तिनं जखमेत वाढणाऱ्या जिवाणूंवर ते तेल तपासायला घेतलं.

जिवाणू वाढवायच्या पहिल्याच प्लेटवर तेलाच्या थेंबाभोवती जिवाणू वाढले नाहीत. लख्ख गोल! मी नाचायचाच बाकी होतो.

“ताई, बाबांना फोन लाव!”

“नाईन, नाही. दुसरी बाटली उघड.”

दुसऱ्या बाटलीतल्या तेलाशेजारी जिवाणू सुखानं नांदले. तिसऱ्यांदाही तेच. ताईनं घरी फोन लावला. आईनं सहज सांगितलं, “अगं, पहिल्या बाटलीत मी लवंगेचं तेल घातलेलं. तिकडच्या लोकांना वास आला तर आपलीच लाज जायची.”

म्हणजे जिवाणू रोखले ते लवंगेनं! मला हसू आवरेना. ताईला मात्र रडू फुटलं. बाबांनी ज्यावर इतका जीव टाकला ते तेल कुचकामी आहे, हे तिलाच सांगायचं होतं. तिनं डोळे पुसले आणि बाबांना फोनवर बोलावलं.

“बाबा, तीनदा तपासलं. या तेलानं जंतू मरत नाहीत. टाचेच्या भेगांना लावा हवं तर, जखमेला नको. आजच दवाखान्यात जा.”

 बाबा म्हणाले, “तू स्वतः तपासलंयस ना? मग जातो.”

बोट वाचलं. ताई आता न्युरेम्बर्गला नोकरीत आहे. तिच्यामुळे मीही कुठलाही निकाल पहिल्या फटक्यात मानत नाही. माझी पीएचडी लांबलीय आणि त्याबद्दल मी तिला प्रेमानं शिव्या देतो. तिच्या प्रबंधात, इमूच्या तेलाचा काही परिणाम आढळला नाही, असं सांगणारं एक पान आहे. बाबांनी ते चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलंय. कुणी आलं की दाखवतात, “हे आमच्या मुलीनं शोधलं.”