भाग्यश्रीनं घातलेलं कुलूप

चामोर्शीत धनराजचा फोटो स्टुडिओ होता. संगणक त्याची बायको भाग्यश्री सांभाळायची. २००८ साली तिनं सगळे फोटो इंटरनेटवर एका कंपनीकडे साठवले. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो भलत्याच कोणी पाहू नयेत, म्हणून पाठवण्याआधी त्यांना पासवर्डचं कुलूप घातलं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती मलेरियानं गेली. पुढे वीज पडून संगणक जळाला. धनराजनं कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं, "फोटो आमच्याकडे आहेत, पण किल्ली फक्त त्यांच्याकडे होती. आम्हालाही ते उघडता येत नाहीत."

त्यानं पासवर्ड म्हणून तिच्या माहेराचं नाव घालून पाहिलं, तिच्या आईचं घातलं. शेवटी, जरा लाजत, स्वतःचं. तेही लागलं नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

तिचा भाऊ मिथुन म्हणाला, "भाऊजी, फोटो उघडत नाई तं त्या कंपनीतलं खातं ठेवता काऊन?"

"मले दिसत नाई, पण आहेत न तिथी," धनराज म्हणाला.

कुलूप फोटोंना होतं, त्यांच्या नावांना नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की तो नव्या संगणकापुढे एकटाच बसून तिनं फोटोंना दिलेली नावं वाचायचा. त्यांत एक नाव होतं, 'धनराज झोपला आहे'. तो फोटो तिनं कधी काढला, हे त्याला कधीच कळलं नाही.