बाईंचं इंग्लंड

साऱ्या जगात इंग्लंड सगळ्यात चांगलं कुणाला ठाऊक असेल, तर ते आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना. आणि बाई आयुष्यात मिर्झापूरच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून संकठा घाटापासून भोसले घाटापर्यंत सगळी मराठी घरं त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांच्या इंग्लंडात वीज नाही, फोन नाही. घोडे आहेत, ओलं गवत आहे, पायघोळ झगे आहेत, आणि दर चार घरांमागे एक मुलगी खिडकीत बसून पत्र वाचते आहे. थंडीच्या दिवसांत गंगेवरून कोहरा, म्हणजे दाट धुकं, चढून येतो, घाटावरच्या होड्या दिसेनाशा होतात, तेव्हा त्या जिन्यातून मला हाक मारतात, "अगं, वर ये लवकर! आज इंग्लंड दारात आलंय!"

जुन्या इंग्रजी प्रेमाच्या कादंबऱ्यांवर जेवढे म्हणून चित्रपट निघाले, तेवढे बाईंनी पाहिले आहेत. रोज दुपारी दोन वाजता, भाच्याने बसवून दिलेल्या मोठ्या टीव्हीवर, शाल गुंडाळून. मला इंग्रजी येत नाही, म्हणून त्या शेजारी बसवून मराठीत सांगत जातात. "ही तिची मावशी, खवट आहे. हा जमीनदार, बोलायला कडू, आतून गोड. तासाभराने कळेल." एकदा मी विचारलं, "हे लोक पत्रिका बघत नाहीत?" तर म्हणाल्या, "बघतात की. फक्त त्यात मंगळाच्या जागी जमीन असते." एकाच कादंबरीवरचे तीन-तीन चित्रपट त्या ओळीने बघतात आणि मग निकाल देतात, "या वेळचा नायक बरा आहे, पण मागच्या वेळचा घोडा जास्त समजूतदार होता."

सिनेमा सुरू करण्याआधी त्या खिडकी लावून घेतात, माकडांसाठी. एकदा विसरल्या. नायक नायिकेपुढे उभा राहिला, आता बोलणार, एवढ्यात माकडाने आत येऊन बाईंच्या नाकावरचा चष्माच नेला. मी ओरडले. बाई जागच्या हलल्या नाहीत. "चष्मा मिळेल नंतर. हा माणूस आत्ता बोलणार आहे. तू सांग, काय करतोय तो?" मी म्हटलं, "उभा आहे." "आणि आता?" "आताही उभाच आहे." बाईंनी डोळे मिटून मान हलवली. "बरोबर. ते तसंच असतं."

बाईंची आणखी एक खोड आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींत नायिका पहिल्यांदा नाही म्हणते आणि नायक निघून जातो. मग पुष्कळ वेळाने, सकाळच्या धुक्यात, दूर एक ठिपका दिसायला लागतो. तो परत येत असतो. नेमक्या त्या क्षणी बाई चित्र थांबवतात आणि चहा ठेवायला उठतात. मला राहवत नाही. त्या म्हणतात, "घाई काय? येतोच आहे तो." पुस्तकं त्यांना पाठ आहेत, तरी सिनेमा का लागतो, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "पुस्तकात 'तो आला' एवढंच लिहिलेलं असतं. इथे तो चालताना दिसतो."

मला मात्र दुसरीच गोष्ट आवडायची. तिथे मुलीला विचारतात. वडिलांना विचारलं, तरी शेवटी टोपी हातात धरून मुलीपुढे यावंच लागतं. मला कुणी विचारलं नव्हतं. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण ती टोपी हातात धरलेली पाहिली, की मला बघत बसावंसं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गौरीला एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, इथलाच, मराठी. चूडा-मटरच्या, म्हणजे मटार घातलेल्या पोह्यांच्या, बशा दिल्या, बोलणं झालं, आणि आठवड्याने मुलाच्या आईने निरोप धाडला, "आम्हाला मुलगी पसंत आहे, तुमचं कळवा." आमचे हे म्हणाले, तू कळव. परक्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ कोरडी पडते. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा, आमच्याकडून हो आहे म्हणून. बाई वर गेल्या आणि दहा मिनिटांनी प्रसन्न चेहऱ्याने खाली आल्या.

"सांगितलं?"

"सांगितलं. नाही म्हणून."

गॅस बंद केला असं सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. मी भिंतीला टेकले. "अगं, पहिल्यांदा होच म्हणायचं नसतं," त्या मलाच समजावू लागल्या. "येईल तो. बघच तू."

गौरी आतून आली. "बाईंनी मना कर दिया? मुझसे पूछा भी नहीं?" आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता, "मला आवडला होता तो, आई."

तो आला नाही. आपल्यात एकदा नाही आलं, की 'योग नव्हता' म्हणतात आणि पुढे जातात. पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. रविवारी ते प्रयागची मुलगी बघायला जाणार आहेत असं देवळात कळलं. ह्यांना म्हटलं, फोन करा. म्हणाले, "आपणच नकार दिला, आता कुठल्या तोंडाने हो म्हणू?" गौरी जेवेनाशी झाली. शुक्रवारी दुपारी मी वर गेले. टीव्ही बंद होता. बाई खिडकीशी बसल्या होत्या, गल्लीकडे बघत.

"बाई," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "ते तिकडचे लोक. इकडचे लोक नाही ऐकलं की दुसरं घर बघतात."

बाईंनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. ग्वाल्हेरचा होता. मीही नाहीच म्हटलं होतं. वाटलं, येईल."

"मग तरीही तुम्ही…"

"मला वाटलं, माझाच तेवढा आला नाही. बाकी सगळ्यांचे येतात. रोज बघते ना मी."

शनिवारी सकाळी असा कोहरा होता, की समोरचं देऊळ दिसेना. बाई वर नव्हत्या. दाराला कुलूप. दहा वाजले, अकरा वाजले. मी आणि गौरी शोधत शिंदे घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. पांढऱ्या धुक्यात आधी एक तपकिरी कानटोपी दिसली. मग तिच्याखाली बाई. आणि त्यांच्या मागे, केसांवर दवाचे थेंब घेऊन, एक उंच माणूस.

"आणलाय," बाई धापा टाकत म्हणाल्या. "घोडा चौकात लावलाय. गल्लीत शिरत नाही."

मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातात होती. ती तो उगाच फिरवत उभा होता. मग माझ्याकडे नाही, गौरीकडे बघून म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात असं आम्हाला वाटलं. या म्हणतात, तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून विचारायला आलोय."

बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ राहिले. खाली पाण्यावर वल्ह्याचा आवाज येत होता, होडी मात्र दिसत नव्हती.

"एवढ्या कोहऱ्यात," गौरी शेवटी म्हणाली, "टोपी न घालता कुणी येतं का?"

बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुस्तकापेक्षा बरं जमलं."

त्याच्या घरी बाईंनी काय केलं, ते पुढे त्याच्या आईनेच सांगितलं. साऱ्या गावच्या मुलींचे कान धरलेल्या आमच्या बाई त्यांच्या दारात स्वतःचे कान धरून उभ्या राहिल्या होत्या.

गौरी आता रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असते. दुपारी मी वर जाते. परवा असाच एक जुना सिनेमा लावला होता. धुक्यात ठिपका दिसला आणि बाईंनी चित्र थांबवलं. चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून पालथे घातले. मी रिमोट उचलला, तर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे ना थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "अजून येतोच आहे तो."

मी रिमोट खाली ठेवला. खिडकीबाहेर कोहरा उतरत होता. आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत बसून राहिलो.