तळेघरच्या गाडीतला खुनी

मी घोडेगावहून तळेघरच्या शाळेत शिकवायला जायचो. त्या एसटीचा कंडक्टर आदल्या दिवशीची गुप्तहेराची मालिका गाडीतच सांगायचा, कारण वरच्या गावांत तेव्हा टीव्ही नव्हते. तिकिटाचा पंच दांडीवर टकटकवत तो घाटाच्या पायथ्याला खून करायचा आणि तळेघर दिसेपर्यंत खुनी सांगायचा नाही. तोवर गाडीनं अंदाज बांधायचे. तो कुठं चुकला की मी टोकायचो.

"गडीच असणार राव," त्या दिवशी जो तो म्हणत होता. "घरात दुसरं व्हतंच कोण?"

मागं एक म्हातारा बसला होता. पुण्यात एका बंगल्यावर गडी म्हणून राहायचा, सुट्टीवर गावी निघाला होता. तो खिडकीबाहेर बघू लागला. कंडक्टरनं त्याच्याकडं एकदा पाहिलं.

"वकील," कंडक्टर म्हणाला. "गडी बिचारा सुटला."

गाडीला काही पटेना. "गुरुजी, तुमच्याकडं टीव्ही हाय. तुमी सांगा."

टकटक थांबली. गड्याच्या हातात पडलेल्या बेड्या मी काल डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

"वकीलच," मी म्हणालो.

दांडीवर पुन्हा टकटक सुरू झाली.