किल्ल्याच्या दारापर्यंत

आमचे हे दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळतात आणि त्याचा पगार घेतात, असं सांगितलं तेव्हा माझ्या बहिणीला हसू आवरेना. तिला काय सांगणार! महागड्या प्रोसेसरांची तुलना करणाऱ्या एका वेबसाइटवर हे नोकरीला आहेत. कोणता गेमला चांगला, कोणता कामाला, ते लोकांना सांगायचं. मोजमाप सारखं यावं म्हणून प्रत्येक प्रोसेसरवर तोच गेम, तीच वाट. बाजारातून निघायचं, पूल ओलांडायचा, किल्ल्याच्या दाराशी थांबायचं. दीड मिनिट. स्क्रीनच्या कोपऱ्यातले वेगाचे आकडे टिपायचे की पुन्हा बाजारात. दाराच्या आत काय आहे, ते यांनी कधी पाहिलेलंच नाही.

एका प्रोसेसरमध्ये कोअर जास्त, त्यावर व्हिडिओ झटपट तयार होतो. दुसऱ्यात कॅश मेमरी मोठी, त्यावर गेम अडखळत नाही. फरक बहुतेकांच्या लक्षातही यायचा नाही, पण वाचक त्यावरून हमरीतुमरीवर येतात. त्यांच्या शिव्या खाऊन हे घरी येतात ते पिळून काढलेल्या फडक्यासारखे. मुलगी म्हणायची, "बाबा, खेळू या ना." यांचं ठरलेलं उत्तर, "रविवारी." रविवारी हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला चीडही यायची आणि कीवही.

मुलगी शिकायला परगावी निघायची होती. आदल्या संध्याकाळी तिने यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. "आज नाही म्हणायचं नाही."

हे बसले. बाजार, पूल, दार. दाराशी बोटं आपोआप थांबली आणि नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे शोधू लागली.

"आकडे मी बंद केलेत," ती म्हणाली. "आत चला."

"तुला येतं पुढचं?"

"मी केव्हाच संपवलाय हा गेम. तुमच्यासाठी पहिल्यापासून लावला."

यांचा चेहरा कसनुसा झाला. माउस त्यांनी तिच्याकडे सरकवला. "तूच चालव गं. मी बघतो. मनगट दुखतंय."

तिने दार उघडलं. "हे बघा, इथे एक लोहार भेटतो. चक्क खोटं बोलतो. त्याचं ऐकायचं नाही."

"हं."

"आणि या जिन्याने खाली गेलं की नदी लागते."

"हं."

मग "हं" येईनासं झालं. मी तिच्या बॅगेत कपडे भरत होते, वळून बघितलं तर यांची मान छातीवर.

"अगं, झोपलेत ते," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. आवाज जरा खाली आणला, आणि नदीच्या पलीकडे काय आहे ते त्यांना सांगत राहिली.